लॉट कोणाला सुटतो? घाऊक मालाच्या ऑनलाइन लिलावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासदांचा हरभरा आणि सोयाबीन आम्ही ऑनलाइन लिलावात विकतो. डाळमिलसाठी माल कमी पडला की तिथूनच विकतही घेतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी पडद्यासमोर बसायची सवय झाली आहे. नव्याने नोंदणी केलेले व्यापारी, गटांचे संचालक, भंगाराच्या धंद्यात उतरलेली तरुण मुलं यांचे फोन येतात, आणि निम्म्याहून जास्त फोनवर एकच तक्रार असते: "भाव तर आमचाच जास्त होता, मग माल दुसऱ्याला कसा गेला?"

त्या फोनवर दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. पोर्टलनुसार आणि विकणाऱ्या संस्थेनुसार नियम बदलतात. तुमच्या लिलावाच्या अटी आणि इथलं उत्तर यांत फरक दिसला तर अटींचं ऐका.

सगळ्यात मोठी बोली जिंकते. यात विचारण्यासारखं काय आहे?

एक लॉट, म्हणजे एकत्र विकायला काढलेला माल, आणि एकच घेणारा असेल तर बहुतेक वेळा तसंच होतं. पण घाऊक मालात ढीग मोठा असतो. शंभर टनांच्या गोदामातले कोणाला वीस टन हवे असतात, कोणाला पन्नास. मग एकाच लिलावात चार-पाच विजेते निघतात आणि त्यांचा क्रम लावावा लागतो. शिवाय बोली आधी ग्राह्य ठरावी लागते आणि शेवटी विकणाऱ्याने होकारही द्यावा लागतो. बोलीचा आकडा या सगळ्याच्या मधोमध येतो.

बोली ग्राह्य कधी धरतात?

नोंदणी पूर्ण, बयाणा रक्कम वेळेत जमा, जिथे लागते तिथे डिजिटल सही चालू स्थितीत, भाव ठरलेल्या टप्प्यांत वाढवलेला आणि मागितलेलं वजन मर्यादेत. यातलं एकही हुकलं तर बोली कितीही मोठी असो, यंत्रणा ती घेतच नाही किंवा नंतर बाद करते.

वजनाच्या मर्यादेकडे नवे लोक हमखास दुर्लक्ष करतात. भारतीय अन्न महामंडळाने खुल्या बाजारात गहू विकण्यासाठी २८ जून २०२३ पासून ई-लिलावाच्या फेऱ्या सुरू केल्या. त्या वेळी एका खरेदीदाराला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त १०० टनांचीच बोली लावता येत होती. मोठ्या व्यापाऱ्याने एका झटक्यात सगळा साठा उचलू नये, लहान गिरणीवाल्यालाही गहू मिळावा, हा त्यामागचा हेतू. अशा लिलावात तुमची पाचशे टन घेण्याची ऐपत असली तरी ती उपयोगाची नाही.

राखीव किंमत म्हणजे काय? ती आधी कळते का?

ज्या भावाखाली विकणारा माल द्यायला बांधील नाही तो भाव. काही सरकारी खात्यांच्या जाहिरातीत तिला 'हातची किंमत' म्हणतात. गव्हाच्या वर सांगितलेल्या फेरीत ती आधीच जाहीर होती: चांगल्या प्रतीला क्विंटलमागे २,१५० रुपये आणि निकष शिथिल केलेल्या गव्हाला २,१२५. भंगाराच्या लिलावात मात्र ती बऱ्याचदा गुप्त असते. मग पडद्यावर तुम्ही पहिल्या क्रमांकावर दिसता, आनंद होतो, आणि लिलाव संपल्यावर कळतं की बोली राखीव किमतीच्या खालीच राहिली होती.

शंभर टनांना पाच जणांनी बोली लावली, तर वाटप कसं होतं?

सगळ्यात जास्त वाद इथेच होतात, म्हणून हे आकड्यांत मांडतो. आकडे समजावण्यापुरते आहेत.

गोदामात १०० टन हरभरा आहे. भाव क्विंटलचे आहेत.

अ: ५,४६० रुपये, ३० टन
ब: ५,४४० रुपये, ४० टन
क: ५,४२५ रुपये, २० टन
ड: ५,४२५ रुपये, ३० टन
इ: ५,४०० रुपये, ५० टन

अ आणि ब यांचा भाव वरचा, त्यांना पूर्ण माल मिळतो. ७० टन गेले, ३० उरले. आता क आणि ड यांचा भाव सारखाच आणि दोघांना मिळून हवेत ५० टन. इथून पुढचं भाव ठरवत नाही, अटींतली एक ओळ ठरवते.

'भाव, मग वजन, मग वेळ' असा क्रम असेल तर ड ने जास्त माल मागितला म्हणून उरलेले तीसही टन ड ला जातात आणि क रिकाम्या हाताने परततो. 'भाव, मग वेळ' असा क्रम असेल आणि क ची बोली आधी नोंदली गेली असेल तर क ला त्याचे वीस टन पूर्ण मिळतात, ड ला दहा. आणि समप्रमाणात वाटप असेल तर पन्नासच्या मागणीला तीस टन, म्हणजे प्रत्येकाला मागणीच्या ६० टक्के: क ला १२ आणि ड ला १८ टन.

तीच माणसं, तेच भाव, आणि तीन वेगवेगळे निकाल. क ला फोन करून "तुमचं काय चुकलं" असं विचारलं तर उत्तर एकच: तीनपैकी कोणता नियम लागू आहे हे त्याने आधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाच रुपये वाढवून तो ड च्या पुढे सहज गेला असता. वीस टनांवर पाच रुपये म्हणजे अवघे एक हजार.

यातला पहिला क्रम जुना आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत ऑनसेल नावाचं संकेतस्थळ संगणक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे मोठे साठे लिलावात काढायचं. तिथे बोली आधी भावाने, मग नगसंख्येने आणि मग वेळेने लावत. 'यांकी लिलाव' या नावाने ती पद्धत ओळखली जाऊ लागली.

माझं स्वतःचं मत समप्रमाणाच्या बाजूचं आहे. वजनाला प्राधान्य दिलं की मोठ्या घेणाऱ्याचं पारडं आपोआप जड होतं. वेळेला दिलं की ज्याचं इंटरनेट चांगलं त्याचं. विकणाऱ्याची अडचणही मला कळते. बारा आणि अठरा टनांचे दोन ट्रक, दोन बिलं, दोनदा काटा, त्यापेक्षा एकाला तीस टन देणं सोपं. तरीही लहान खरेदीदार लिलावात टिकून राहिला तरच पुढच्या वर्षी स्पर्धा राहील.

मला तीस टनच हवेत, दहा नकोत. थोडा माल गळ्यात पडेल का?

पडू शकतो. काही पोर्टलवर बोलीसोबत 'किमान स्वीकार्य वजन' भरायचा रकाना असतो. तो भरला तर त्याहून कमी माल वाट्याला आल्यास तुमची बोली बाजूला होते आणि माल खालच्या क्रमांकाकडे जातो. रकाना नसेल तर मिळेल तेवढा माल उचलणं तुम्हाला बंधनकारक असतं. लांबून ट्रक पाठवणाऱ्याने हे आधी बघावं. दहा टनांसाठी पाठवलेल्या ट्रकचं भाडं सगळा नफा खाऊन टाकतं.

सगळे विजेते एकच भाव देतात की ज्याचा त्याचा?

दोन्ही पद्धती आहेत. आपल्याकडे मालाच्या लिलावात साधारणपणे ज्याने जी बोली लावली तोच भाव तो देतो. वरच्या उदाहरणात अ ५,४६० देईल, ब ५,४४०.

दुसऱ्या पद्धतीत माल जिथे संपतो त्या बोलीचा भाव सगळ्यांना लागतो. म्हणजे सगळेच ५,४२५ देतील. अ चे ३०० क्विंटलवर १०,५०० रुपये वाचतील, ब चे ४०० क्विंटलवर ६,०००. विकणाऱ्याला त्या दिवशी १६,५०० रुपये कमी मिळाले असं दिसतं. पण 'आपण एकटेच जास्त देऊन फसू' ही भीती गेल्याने लोक मनातला खरा भाव लावायला धजावतात, म्हणून पुढच्या वेळी बोलीच वर जाऊ शकते. सरकारी रोख्यांच्या लिलावात रिझर्व्ह बँक या दोन्ही पद्धती वापरते, आणि शेवटच्या भावावर गर्दी झाली तर तिथे समप्रमाणातच वाटप होतं.

एकाच लॉटवर दोघांची बोली सारखी झाली तर?

चढत्या लिलावात असं सहसा होत नाही, कारण पुढच्याला किमान एक टप्पा वर जावंच लागतं. बंद बोलीत, म्हणजे एकमेकांचा भाव दिसत नाही तिथे, होतं. तिथे बहुतेक ठिकाणी आधी नोंदली गेलेली बोली वरचढ धरतात. क्वचित दोघांनाच पुन्हा बोली लावायला सांगतात. वेळ मोजतात ती सर्व्हरच्या घड्याळाची. तुमच्या मोबाइलवरचं घड्याळ किंवा तुम्ही बटण दाबल्याचा क्षण हिशोबात येत नाही. बोली सर्व्हरला पोहोचली तो क्षण धरतात.

'कमाल बोली' भरून ठेवायची सोय असते. त्याने आपला भाव उघडा पडतो का?

यंत्रणा नीट बांधलेली असेल तर पडत नाही. समजा तुम्ही ५,५०० ही कमाल भरली आणि टप्पा दहा रुपयांचा आहे. दुसऱ्याची शेवटची मर्यादा ५,४६० असेल तर यंत्रणा तुमच्या वतीने ५,४७० वर थांबते. वरचे तीस रुपये कोणाला दिसत नाहीत आणि तुमच्याकडून घेतलेही जात नाहीत. दोघांची कमाल नेमकी सारखी असेल तर ज्याने आधी भरली त्याच्याकडे लॉट राहतो. म्हणून ही सोय वापरायची असेल तर ती शेवटच्या मिनिटाला वापरू नका.

वेळ संपायला पाच सेकंद असताना बोली टाकली तर कोणाला उत्तर द्यायला वेळच राहणार नाही, बरोबर?

वस्तूंच्या मोठ्या लिलावांत ही युक्ती आता चालत नाही. शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की लिलावाची वेळ आपोआप वाढते. पुन्हा बोली आली की पुन्हा वाढते. एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या आणि रेल्वेच्या भंगार लिलावांत हा नेहमीचा अनुभव आहे. एक वाजता संपणारा लिलाव तीनपर्यंत चाललेला मी पाहिला आहे. बाजार समितीच्या ओट्यावर "एक वार, दोन वार" म्हणत थांबतात, तेच काम इथे ही वाढीव मिनिटं करतात.

त्यामुळे शेवटच्या क्षणी घाई करण्यापेक्षा जेवण लवकर उरकून बसा आणि लॅपटॉपचं चार्जिंग पूर्ण ठेवा.

बंद बोलीचा लिलाव असेल तर काय बदलतं?

दुसऱ्याचा भाव दिसत नाही. तुम्हाला एका अंदाजावर आकडा लिहायचा असतो. कर्नाटकात २०१४ पासून राज्यभरातल्या बाजार समित्या एका सामायिक ऑनलाइन मंचावर जोडल्या गेल्या. तिथे व्यापारी लॉटनिहाय बंद बोली भरतात आणि वेळ संपल्यावर संगणक सर्वाधिक भाव जाहीर करतो. सोलापूर-अक्कलकोट पट्ट्यातला जो शेतकरी तूर कलबुर्गीला नेतो त्याला ही पद्धत ओळखीची आहे.

रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची जुनी हत्ता पद्धत आणि ही बंद बोली एकच असा काहींचा समज आहे. तसं नाही. हत्त्यात काय भाव निघाला हे दोन माणसांपलीकडे कोणाला कळत नसे, शेतकऱ्याला तर नाहीच. इथे बोली लावताना गुप्त असते, पण निकाल सगळ्यांसमोर येतो आणि नोंद राहते.

उतरत्या घड्याळाचा लिलाव म्हणजे काय?

ही पद्धत नेदरलँड्सची. भाजीसाठी ब्रुक ऑप लांगेडाइक या गावात १८८७ मध्ये तिची सुरुवात झाली, आणि आज आल्समीरच्या फुलबाजारामुळे ती जगभर माहीत आहे. घड्याळ चढ्या भावापासून सुरू होतं आणि काटा झपाट्याने खाली येतो. जो सगळ्यात आधी बटण दाबेल त्याला त्या भावाने माल. दुसरी बोली नसतेच.

घाऊक मालाच्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. बटण दाबणारा लॉटमधले किती नग घेणार ते सांगतो. त्याने साठ बादल्यांपैकी दहाच घेतल्या तर उरलेल्या पन्नासांसाठी घड्याळ पुन्हा फिरतं, आणि त्यांचा भाव आधीच्यापेक्षा वर किंवा खाली कुठेही थांबू शकतो. खरेदीदार आता आपापल्या कार्यालयातून संगणकावर हेच बटण दाबतात. व्हॅलेंटाइनच्या हंगामात मावळातून गुलाब युरोपात पाठवणाऱ्यांनी हे घड्याळ समजून घ्यायला हवं. तिथे विजेता ठरायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागत नाही.

ईबेवर पूर्वी अनेक नगांच्या लिलावालाही 'डच' म्हणत, पण तो वेगळा प्रकार होता. तिथे बोली चढायची आणि सगळे विजेते सगळ्यात खालच्या यशस्वी बोलीचा भाव द्यायचे. नाव सारखं असल्याने अजूनही गोंधळ होतो.

ई-नाममध्ये सर्वाधिक बोली लागली की शेतकऱ्याला माल द्यावाच लागतो का?

नाही. हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि तरीही दरवेळी कोणीतरी नव्याने विचारतं.

ई-नाम, म्हणजे बाजार समित्यांना जोडणारा केंद्र सरकारचा ऑनलाइन राष्ट्रीय कृषी बाजार, १४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतल्या २१ बाजार समित्यांपासून सुरू झालं. आज महाराष्ट्रातल्याच शंभराहून जास्त समित्या त्यात आहेत. माल गेटवर आला की नोंद होते, लॉट क्रमांक मिळतो, नमुना तपासला जातो आणि मग व्यापारी बोली लावतात. वेळ संपली की सर्वाधिक भाव शेतकऱ्याला कळवला जातो. तो पसंत नसेल तर शेतकरी नाकारू शकतो. होकार दिला तरच सौदा पुढे वजनावर आणि बिलावर जातो.

म्हणजे इथे विजेता दोन पायऱ्यांनी ठरतो. व्यापाऱ्यांमध्ये पहिला कोण हे संगणक सांगतो, पण सौदा झाला की नाही हे ज्याचा माल तो सांगतो. माल परत नेण्याचं भाडं, संध्याकाळ, घरची नड यामुळे हा हक्क कागदावरच राहतो हे खरं आहे. ज्या समितीच्या आवारात गोदाम आणि तारण कर्जाची सोय आहे तिथे शेतकरी 'नको' म्हणू शकतो, कारण माल ठेवायला जागा असते आणि हातात थोडे पैसे येतात. नकाराला बळ गोदामामुळे येतं. म्हणून आमच्या कंपनीने पहिलं कर्ज काढलं ते गोदामासाठी.

तपासणीचा दाखला मिळत असेल तर तो टाळू नका. ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे किती हे पडद्यावर दिसलं तरच दूरच्या गावचा व्यापारी माल न बघता बोली लावू शकेल. नाहीतर ऑनलाइन लिलावातही समोर उभे असलेले चार व्यापारीच बोली लावतात आणि मोबाइल तेवढा नवा असतो.

'मंजुरीच्या अधीन' असा निकाल आला. मी जिंकलो की हरलो?

अजून दोन्ही नाही. तुम्ही पहिल्या क्रमांकावर आहात, लिलाववाल्यांच्या भाषेत एच-१, पण विकणाऱ्या संस्थेचा अधिकारी तुमचा भाव मान्य करायचा की नाही हे नंतर ठरवणार. बोली राखीव किमतीच्या थोडी खाली राहिली की असं होतं. या काळात तुमची बोली बांधलेली असते आणि बयाणाही अडकलेला असतो.

एका भंगाराच्या लॉटमध्ये आमचे पैसे सोळा दिवस असे अडकले आणि शेवटी नकार आला. तेवढ्यात आम्हाला हवा असलेला दुसरा लॉट हातचा गेला. तेव्हापासून मी आधी बघतो: मंजुरी किती दिवसांत द्यायची हे अटींत लिहिलं आहे का? मुदत लिहिलेली नसेल तर त्या लॉटवर आम्ही हात राखून बोली लावतो.

बोली चुकून जास्त टाकली. मागे घेता येते का?

कायद्याचं मूळ तत्त्व असं आहे: मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडेपर्यंत, म्हणजे विक्री पूर्ण झाल्याचं जाहीर होईपर्यंत, बोली लावणारा ती मागे घेऊ शकतो. पण ऑनलाइन लिलावात शिरताना तुम्ही ज्या अटींवर 'मान्य' असं दाबता, त्यांत बोली मागे न घेण्याचं आणि घेतल्यास बयाणा जप्त होण्याचं कलम असतं. त्यामुळे व्यवहारात उत्तर 'नाही' असंच धरून चला.

बहुतेक चुका एककाच्या असतात. ओळखीच्या एका तरुणाला टनाला ३४,५०० लिहायचे होते, त्याने ३,४५,००० लिहिले. पडद्याने "खात्री आहे का?" विचारलं आणि घाईत त्याने हो म्हटलं. बयाणा गेला, आणि त्याच्यासारख्या नव्या माणसाला ती रक्कम लहान नव्हती. बोली किलोची आहे, क्विंटलची, टनाची की सगळ्या लॉटची, हे प्रत्येक लॉटवर नव्याने बघा. एकाच यादीत तांब्याची तार किलोवर आणि लोखंड टनावर असू शकतं. आम्ही दोघं बसतो, एक आकडा टाकतो आणि दुसरा मोठ्याने वाचतो, मगच बटण दाबतो.

बोलीच्या भावात जीएसटी धरलेला असतो का?

साधारणपणे नाही. जीएसटी, भंगारावर टीसीएस (विकणारा खरेदीदाराकडून वसूल करतो तो आयकर), कुठे बाजार फी, हमाली, तोलाई हे सगळं वेगळं. अटींत 'सर्वसमावेशक' असा शब्द नसेल तर वेगळंच धरा.

लॉट १०० टन लिहिला होता, काट्यावर ९३ भरला. आता?

भाव टनावर असेल तर ९३ चेच पैसे लागतात आणि जादा भरलेली रक्कम परत मिळते. भाव सगळ्या लॉटचा असेल तर तुमचं नुकसान. सरकारी विक्री 'जसा आहे, जिथे आहे' या तत्त्वावर होते, म्हणजे प्रत आणि वजन यांची हमी विकणारा देत नाही. पाहणीचे दिवस ठरलेले असतात ते त्यासाठीच. फोटोवर विसंबून लॉट घेऊ नका.

बोली किती लावावी? जिंकलो तरी तोटा होतो असं का?

कारण जिंकणारा म्हणजे मालाची किंमत सगळ्यात जास्त धरणारा माणूस. दहा जणांनी एकाच ढिगाचा अंदाज बांधला तर काही कमी धरतील, काही जास्त, आणि लॉट जातो तो सगळ्यात जास्त धरणाऱ्याकडे. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात मोठ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी परतावा का मिळतो हे शोधताना तीन अमेरिकी अभियंत्यांनी १९७१ मध्ये ही गोष्ट मांडली. अर्थशास्त्रात तिला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. स्पर्धक जेवढे जास्त तेवढा हा धोका मोठा, म्हणून गर्दीच्या लिलावात बोली अजून सावध हवी. मनाला मात्र गर्दी बघून उलटंच वाटतं.

आम्ही उलट्या बाजूने हिशोब करतो. हरभऱ्यात १४ टक्के ओलावा आहे आणि डाळीसाठी तो १० टक्क्यांवर आणायचा आहे. १०० क्विंटलमध्ये कोरडा भाग ८६ क्विंटल. वाळवल्यावर वजन भरेल साधारण ९५.५. म्हणजे ५,४४० ला घेतलेला माल प्रत्यक्षात ५,६९० च्या पुढे पडला, आणि यात भाडं, हमाली, बारदाना धरलेलाच नाही. हा आकडा लिलावाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवायचा. लिलाव चालू असताना तो वाढवायचा नाही. आमच्याकडे तो कागद संचालकाच्या सहीने फाइलला लागतो.

व्यापारी आपसांत ठरवून भाव पाडतात. ऑनलाइनमध्ये हे थांबतं का?

कमी होतं, थांबत नाही. नावं दिसत नसली तरी फोन असतातच. "हा लॉट तू घे, पुढच्यावर मी" हे चहाच्या टपरीवर ठरू शकतं. स्पर्धा अधिनियम, २००२ मध्ये संगनमताने बोली लावण्याला कलम ३ खाली स्पष्ट मनाई आहे. दंड नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि तोही हा प्रकार चालला त्या प्रत्येक वर्षासाठी.

उलट बाजूही आहे. विकणारा स्वतःच्या माणसाकरवी खोट्या बोली लावून भाव चढवत असेल, तर वर सांगितलेल्या कलम ६४ नुसार खरेदीदार ती विक्री रद्द ठरवून घेऊ शकतो. दोन्हीचा पुरावा बोलींच्या नोंदीतून निघतो. कोणी, कधी, किती रुपयांनी वाढवलं हे सगळं साठवलेलं असतं, त्यामुळे शंका आली तर ती नोंद लेखी अर्जाने मागा.

लिलाव चालू असताना आमची वीज गेली.

तुमच्याकडची वीज किंवा इंटरनेट गेलं तर लिलाव थांबत नाही. पोर्टलचा सर्व्हर बंद पडला तर वेळ वाढवतात किंवा लिलाव पुन्हा घेतात. कमाल बोलीची सोय गावाकडच्या माणसाने वापरावी ती यासाठीच.

पहिल्या क्रमांकाने पैसे भरले नाहीत, तर माल दुसऱ्याला मिळतो का?

आपोआप नाही. बऱ्याच सरकारी विक्रीत पहिल्याचा बयाणा जप्त होतो आणि लॉट पुन्हा लिलावात येतो. काही ठिकाणी दुसऱ्याला पहिल्याच्या भावाने विचारतात. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला असतो, आणि तुमची बोली हिशोबाने लावलेली असेल तर 'नाही' म्हणायला कचरू नका.

निकालावर हरकत घ्यायची तर कुठे?

आधी पोर्टलच्या तक्रार कक्षाकडे आणि विकणाऱ्या संस्थेकडे, लेखी, लॉट क्रमांक आणि पडद्याचे फोटो जोडून. हे त्याच दिवशी करा, कारण मालाची सोडचिठ्ठी, म्हणजे माल उचलण्याची परवानगी, एकदा निघाली की मागे वळणं अवघड होतं. बाजार समितीच्या आवारातला सौदा असेल तर वजन, प्रत आणि पैसे यांच्या वादासाठी वांधा समिती असते.

लॉट सुटला नाही. बयाणा कधी परत मिळतो?

काही पोर्टलवर तो तुमच्या खात्यात जमा राहतो आणि पुढच्या लिलावात वापरता येतो. बँकेत हवा असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो. नोंदणी करतानाच बँक खात्याचं नाव आणि कंपनीचं नाव अक्षरशः जुळतं का ते तपासा. आमच्या नावातल्या 'प्रोड्यूसर' या शब्दाच्या स्पेलिंगमुळे पहिला परतावा तीनदा फिरून आला होता.